‘बाई, आजी दिसतीय पण बोलंना!’



दिवाळी सरली की आमच्या बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांचे भोंगे वाजतात आणि बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळ, फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. आईबापांबरोबर मुलंही येतात आणि चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात.

गेल्या हंगामात अशीच एक मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आली. हुशार, बडबडी. पण एक दिवस बघते तर स्वारी गप्प! विचारलं तर म्हणाली, “बाई, आजी दिसतीय पण बोलंना!”

आजी गावी. दिवाळीच्या आधी अंगणात पडली होती, हात प्लास्टरमध्ये होता. साध्या फोनवर विचारलं की म्हणायची, “मला काय धाड भरलीय?” पण नातीचा विश्वास कसा बसणार? तिला आजीला बघत बघत बोलायचं होतं. ‘बोटं हलव, दुखतंय का सांग,’ असं विचारायचं होतं. वडिलांचा फोन जुना, काठोकाठ भरलेला. नवं अ‍ॅप त्यात बसेना. मग आजीच्या शेजारचा कॉलेजातला दादा एक लिंक पाठवायचा. ती दाबली की फोनच्या ब्राउझरमध्येच आजी दिसायची. आजी हात वर करायची, तोंड हलवायची, पण आवाज मात्र शून्य! तीन आठवडे हेच चाललं होतं.

वर्ग एका सुरात म्हणाला, “बिघडलंय!”

“काय बिघडलंय?” मी विचारलं.

आता सगळेच गप्प. तुम्हाला तरी सांगता येईल का? चला तर मग, आपण आधी हे यंत्र आतून बघू. बिघाड मग आपोआप सापडेल.

ब्राउझर कधीपासून बोलू लागला?

ब्राउझर म्हणजे वेबपानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही नावं तुम्ही ऐकली असतील. पूर्वी त्यातून चित्रासह बोलायचं तर फ्लॅशसारखं एखादं जोडसामान आधी बसवावं लागे. २०११ साली गूगलने ‘वेबआरटीसी’ नावाचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. कॅमेरा, माइक आणि समोरच्याशी जोडणी ही तिन्ही कामं ब्राउझरनेच करायची, वेगळं काही बसवायचं नाही, ही त्यातली युक्ती. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रोममधून फायरफॉक्सशी असा संवाद करून दाखवला गेला. म्हणजे दोन वेगळ्या घरचे ब्राउझर एकमेकांची भाषा बोलू लागले! जानेवारी २०२१ मध्ये हे तंत्र वेबचं अधिकृत मानक झालं. बिचाऱ्या फ्लॅशची मुदत त्याआधी महिनाभर, ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली होती.

चित्राचं ओझं

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकारच आहेत!

एक छोटं चित्र घ्या. आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. किती झाले? ३,०७,२००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट, म्हणजे एका चित्राला ९,२१,६०० बाइट. चित्र हलतं दिसायचं तर सेकंदाला अशी ३० चित्रं हवीत. करा गुणाकार. २,७६,४८,०००! दर सेकंदाला पावणेतीन कोटी बाइट. कोपीतल्या फोनला हे ओझं उचलेल का?

म्हणून चित्र दाबून लहान करतात. कसं? आजीच्या मागची भिंत हलत नाही. मग तीच भिंत सेकंदाला ३० वेळा कशाला पाठवायची? एकदा पूर्ण चित्र पाठवायचं आणि नंतर फक्त काय बदललं तेवढंच सांगायचं. अशा युक्त्यांनी ओझं २०० पटींहूनही कमी होतं. सेकंदाला सुमारे सव्वा लाख बाइटमध्ये काम भागतं.

पण ‘काय बदललं’ हा निरोपच वाटेत हरवला तर? तेव्हा आजीचा गाल एकीकडे, पदर दुसरीकडे, आणि चेहऱ्यावर चौकोनच चौकोन! मग तुमचा फोन पलीकडे सांगतो, ‘पूर्ण चित्र पुन्हा पाठव.’ ते आलं की आजी पुन्हा नीट.

दिंडीचे नंबर

तुकोबारायांची पालखी आमच्या बारामतीहून इंदापूरकडे जाते. वाटेत बेलवडीला गोल रिंगण होतं. पालखी पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल, प्रत्येक दिंडीला नंबर असतो. रथापुढे अमुक, रथामागे तमुक. लाखांचा मेळा, पण कुणी कुठे चालायचं ते ठरलेलं.

तुमचा आवाज आणि चित्रही असंच निघतं. त्याचे छोटे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येकावर नंबर पडतो. वाटेत कुणी पुढे जातो, कुणी मागे राहतो. पोचल्यावर नंबराप्रमाणे त्यांना पुन्हा उभं करतात. मागे राहिलेल्यासाठी अगदी थोडं थांबतातही. पण फार नाही बरं का! बोलणं एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचलं तर गप्पा सहज होतात. (एका सेकंदात असे १००० मिलिसेकंद.) उशीर याहून फार वाढला, तर दोघं एकाच वेळी बोलू लागतात आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होतं. म्हणून फारच मागे राहिलेला तुकडा सोडून द्यायचा आणि पुढे चालायचं!

कालव्याच्या टेलला

नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. बारामतीपासून इंदापूरपर्यंत त्याने शेतं भिजवली. पण ‘टेल’च्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला विचारा. पाणी पोचेपर्यंत धार बारीक होते. इंटरनेटचंही तसंच असतं. टॉवरपासून लांब राहणाऱ्याला, आणि एकाच टॉवरवर सगळ्यांनी एकदम मोबाइल उघडला की सगळ्यांनाच, धार बारीक मिळते.

अशा वेळी शहाणी सेवा काय करते? ती आवाजाला आधी वाट देते. बोलणं पोचवायला चित्राच्या मानाने फार थोडी धार लागते. ‘ओपस’ नावाची आवाज दाबण्याची पद्धत २०१२ साली मानक झाली. ती सेकंदाला ६ हजार बिटांवरही बोलणं पोचवू शकते. चित्राला मात्र सहज १० लाख बिट लागतात. म्हणूनच धार बारीक झाली की कॅमेरा बंद करावा. आवाज बहुतेक वेळा सुधारतो.

आता दहा जण एकत्र बोलत असतील तर? प्रत्येकाने बाकी नऊ जणांना आपलं चित्र पाठवायचं म्हटलं तर एकूण ९० प्रवाह झाले. फोन तापून भाकरी भाजायला होईल! म्हणून मध्ये एक संगणक असतो. प्रत्येकाने आपलं चित्र त्याच्याकडे पाठवायचं आणि त्याने ते बाकीच्यांना वाटायचं. चांगला वाटप्या मोठ्या धारेवाल्याला मोठं चित्र देतो, टेलच्या गड्याला लहान देतो. पण उपाशी कुणालाच ठेवत नाही.

मग आजीचं काय झालं?

आता तुम्हीच वैद्य व्हा आणि नाडी बघा. आमच्या वर्गाने अशी बघितली.

पहिला प्रश्न : आपल्या फोनचा कर्णा बिघडला आहे का? नाही, गाणं वाजतं.

दुसरा : नेटची धार बारीक आहे का? तसं असतं तर आधी चित्र फाटलं असतं. पण आजी तर स्वच्छ दिसते! म्हणजे धार बरी आहे.

तिसरा : आजीला आपलं ऐकू येतं का? येतं. ‘हात वर कर’ म्हटलं की ती करते.

मग उरलं काय? एक मुलगा ओरडला, “बाई, आजीच्या फोनचा माइक!”

बरोबर! पण नुसतं वाटून चालत नाही, करून बघावं लागतं. मी माझ्या फोनवर तशीच लिंक उघडली. ब्राउझरने विचारलं, माइक वापरू का? मी मुद्दाम ‘नको’ म्हटलं. दुसरा फोन घेऊन मुलं व्हरांड्यात गेली आणि तिथून ओरडली, “बाई दिसतायत, पण बोलंनात!” अगदी आजीसारखंच!

संध्याकाळी शेजारच्या दादाला साधा फोन लावला. पत्त्याच्या पट्टीजवळचं चिन्ह दाबायला सांगितलं, माइकची परवानगी चालू करायला सांगितली. कधीतरी घाईत कुणाचं तरी बोट ‘नको’वर पडलं होतं आणि ब्राउझरने ते इमानदारीने लक्षात ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी आजीचा आवाज आला. पहिलं वाक्य काय असेल? “अगं, वेण्या कुणी घातल्या तुझ्या? वाकड्या झाल्यात की!”

चूक आजीची का?

दुसऱ्या दिवशी वर्गात वाद रंगला. काही मुलं म्हणाली, आजीचीच चूक, सेवा तर ठीक होती. मग दादाकडून कळलं की आजीच्या पडद्यावर सूचना येत होती. तीन आठवडे येत होती! पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत. लिंक लावून दिली की दादा आपल्या कामाला जायचा. आजीने ती वाचायची कशी?

मग ती मुलगीच म्हणाली, “आजीला वाचता येत नाही, तर त्यांनी माइकवर लाल फुली काढायची ना!”

पोरांनो, सुधारणा म्हणतात ती हीच! नवं बटण बसवणं म्हणजेच सुधारणा असं नाही. वापरणारा कुठे अडतो ते ओळखायचं आणि तिथला दगड उचलायचा.

अशी सेवा चालवणाऱ्यांचं निम्मं काम दुरुस्तीचंच असतं. नवा फोन निघतो, ब्राउझरची नवी आवृत्ती येते, आणि काल चालणारं आज अडतं. माणसंही अचानक वाढतात. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, आठवतं ना? डिसेंबर २०१९ मध्ये झूम या सेवेवर दिवसाला १ कोटी जण बैठकांना येत होते. एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला! त्याच वर्षी भारत सरकारने देशी व्हिडिओ सेवेसाठी स्पर्धा लावली. केरळातल्या आलप्पुळाच्या टेकजेन्शिया या छोट्या कंपनीने १ कोटी रुपयांचं बक्षीस पटकावलं.

काही सेवांचा तर आतला सगळा मजकूर खुला असतो. ‘जित्सी’ ही त्यातलीच एक. २००३ साली एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला शिकताना तिची सुरुवात केली. बल्गेरियन भाषेत जित्सी म्हणजे तारा, वायरी! तिचा कोड कुणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. तिच्या बटणांची नावं लोकांनी कितीतरी भाषांत नेली आहेत. त्यात मराठीही आहे.

इतकी धडपड कशासाठी?

तुम्ही म्हणाल, आजीची गंमत झाली, पण एवढा खटाटोप कशाला? ऐका तर.

इंदापूरहून भीमा ओलांडली की माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी स्काइपसारख्या सेवांमधून परदेशातल्या वर्गांना विज्ञानाच्या आभासी सहली घडवल्या. भारत-पाकिस्तान, इस्राईल-पॅलेस्टाइन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं केलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली! स्काइप मात्र ५ मे २०२५ रोजी बंद झालं. सेवा येतात नि जातात, जोडलेली माणसं राहतात.

दुसरं उदाहरण ‘ई-संजीवनी’चं. सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ साली पुण्यात सुरू झाली. तिच्या मोहालीच्या केंद्राने ही सेवा बनवली. घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवर १० कोटी सल्ले दिले गेले. आता विचार करा. लांबच्या वाडीतला रोगी डॉक्टरांना दिसतोय, पण ऐकू येत नाही. कुठे दुखतं ते कळणार कसं? तिथे माइकवरची लाल फुली किती मोलाची!

दार कुणाला उघडायचं?

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. २००९ साली अमेरिकेतल्या १८ वर्षांच्या लीफ के-ब्रूक्सने ‘ओमेगल’ नावाची सेवा काढली. ब्राउझर उघडायचा आणि कुणाही अनोळखी माणसाशी बोलायचं. कल्पना गमतीची वाटली, लाखो लोक आले. पण अनोळखी गर्दीत वाईट माणसंही शिरली आणि त्यांनी मुलांना फार त्रास दिला. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंद करावी लागली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, पण राखण कमी पडली! मुलांची राखण हाही सेवेच्या देखभालीचाच भाग आहे.

आपणही घराची कडी लावतो ना? मग हे पाळा. बैठकीची लिंक उघड्यावर टाकू नका. अनोळखी माणसाशी व्हिडिओवर बोलू नका. बोलणं संपलं की कॅमेऱ्याची परवानगी बंद करा. कुणी नको ते बोललं, दाखवलं किंवा मागितलं तर लगेच बंद करा आणि घरच्यांना किंवा बाईंना-सरांना सांगा. त्यात तुमची काहीच चूक नसते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फुकट फोन नंबर आहे, तो पाठ करा.

चांगली तक्रार कशी लिहायची?

‘बंद पडलंय, लवकर दुरुस्त करा’ ही तक्रार झाली, पण ती वाचून दुरुस्ती करणाऱ्याला काही कळतं का? आम्ही वर्गात फळ्यावर प्रश्न लिहिले :

१. मी काय करत होतो?
२. काय व्हायला हवं होतं?
३. प्रत्यक्षात काय झालं? पडद्यावर कोणते शब्द आले? (जसेच्या तसे उतरवा.)
४. फोन कोणता, ब्राउझर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, नेट कसलं, वेळ कोणती?
५. पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तसंच होतं का?
६. काय बदललं तर बरं होईल?

पडद्याचा फोटो जोडायचा, पण त्यात कुणाचा चेहरा, नंबर, पत्ता नको. आणि भाषा नम्र ठेवायची. पलीकडेही माणूसच बसलेला असतो, त्यालाही कुणीतरी आजी असेल!

आम्ही असं पत्र लिहिलं आणि मी माझ्या मेलवरून ते सेवेच्या मदत विभागाला पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. ब्राउझरची आवृत्ती सांगा, म्हणाले. आम्ही नेमकी तीच लिहायला विसरलो होतो! कळवली. मग ‘नोंद केली आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. पुढे महिना गेला, हंगाम संपला, पट्टा पडला, मुलगी गावी गेली. लाल फुली काही आली नाही.

म्हणून आम्ही पुन्हा लिहिलं. या वेळी सूचनेचं मराठी वाक्यही सुचवलं : ‘तुमचा माइक बंद आहे. तुमचं बोलणं पलीकडे ऐकू जात नाही.’ वाक्य कसं असावं यावर वर्गात तासभर भांडण झालं. कुणी ‘ध्वनिग्राहक’ म्हणालं, त्यावर सगळे हसले. आजीला कळेल तोच शब्द ठेवायचा, असं शेवटी ठरलं.

जाण्याआधी त्या मुलीने एका कागदावर मोठा माइक काढला, त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी बोटाचं चित्र काढलं. “सेवावाले करतील तेव्हा करतील,” ती म्हणाली, “तवर हा आजीच्या भिंतीला लावते.”

करून पाहा

घरच्या मोठ्यांना बरोबर घेऊन दोन फोनवर ब्राउझरमधून एकमेकांशी बोला. आधी कॅमेरा चालू ठेवून, मग बंद करून. माइकची परवानगी मुद्दाम काढून बघा आणि पडद्यावर काय दिसतं ते वहीत लिहा. ती सूचना तुमच्या आजीला समजेल का, तिलाच विचारा. समजली नाही, तर वरचे सहा प्रश्न आहेतच. घ्या वही आणि लागा लिहायला!